कपड्यावरचा डाग : कोणी पाडला की कशाने पडला?

कपड्यावर डाग दिसला की आपल्या घराघरांतून पहिला प्रश्न निघतो तो ‘हे कोणी केले?’ असा. ‘हे कशाने झाले?’ हा प्रश्न मागाहून येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. डाग चहाचा किंवा चिखलाचा असला तर पोराच्या पाठीत एक धपाटा बसून प्रकरण मिटते. परंतु डागाचे कारण कळेना, तो पुन्हा पुन्हा उमटू लागला, धुताना त्याचा रंग बदलू लागला, म्हणजे घरात कुजबुज सुरू होते. धाकट्या जावेकडे संशयाने पाहिले जाते, शेजारणीशी बोलणे तुटते. मराठवाड्यात तर अशा वेळी भानामतीचे नाव निघायला फारसा वेळ लागत नाही.

पिकावरचे डाग ओळखणे हे आम्हा शेतीखात्यातल्या माणसांचे रोजचे काम. शेतकरी डागाळलेले पान घेऊन आला की आम्ही औषधाचे नाव लगेच सांगत नाही. आधी विचारतो : ठिपके पानाच्या वरच्या अंगाला आहेत की खालच्या? जुन्या पानांवर आहेत की शेंड्याच्या? सगळ्या शेतात आहेत की एका कडेलाच? केव्हापासून दिसू लागले? त्याआधी तुम्ही शेतात काय केले, आणि शेजाऱ्याने काय केले? या चार-पाच प्रश्नांतच निम्मा उलगडा होतो. घरातल्या कपड्यालाही नेमके हेच प्रश्न विचारावेत, असे माझे सांगणे आहे. डाग कापडाच्या एका बाजूला आहे की दोन्ही? सुती कापडावरच आहे की टेरिकॉटवरही? अंगावर असताना पडला, पेटीत असताना की दोरीवर वाळताना? धुण्याआधी दिसला की धुताना? हा शेवटचा प्रश्न किती मोलाचा आहे, ते एका हकिकतीवरून ध्यानात येईल.

धुताना उमटणारे ‘रक्त’

हिंगोली जिल्ह्यातला वसमतचा भाग हळदीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका गावात काही वर्षांपूर्वी मी हळदीच्या काढणीनंतरच्या कामासाठी गेलो होतो. मार्चअखेरचे दिवस. हळद शिजवून, वाळवून झाली होती आणि खळ्याखळ्यांवर ती पॉलिश करणारे ढोल फिरत होते. ज्या घरी उतरलो त्या घरात सारे गप्पगप्प. चहा आला, पण बोलायला कोणी तयार नाही. शेवटी घरच्या कारभाऱ्याने मला बाजूला नेले आणि सांगितले, “साहेब, घरात बरं चाललं नाही. कपडे धुवायला घेतले की त्यातून रगत निघतंय.”

सुनेला सातवा महिना होता. तिची लुगडी, मुलांचे शाळेचे पांढरे सदरे, कारभाऱ्याचे धोतर, सगळ्यांचाच हा प्रकार. कोरड्या कपड्यावर काही दिसायचे नाही. साबण लावला की लाल शिंतोडे उमटायचे. स्वच्छ पाण्यातून काढून उन्हात घातले की पुन्हा नाहीसे व्हायचे. देवऋषी येऊन गेला होता. त्याने अमावास्येला उतारा टाकायला लावला, आणि त्यानंतर चार दिवस खरोखरच एकही डाग दिसला नाही. पाचव्या दिवशी डाग परत आले. मग देवऋषीने सांगितले की, करणारीण जवळचीच आहे, विधवा आहे आणि तिचे दार उत्तरेला आहे. गल्लीत या वर्णनात बसणारी एकच बाई होती, साठी उलटलेली, एकटी राहणारी. आठ दिवसांपासून तिला हातपंपावर कोणी पाणी भरू देत नव्हते.

मी सुनेला म्हटले, “ताई, आता जे कपडे धुवायचे असतील ते इथे आणा, अन् घरात लिंबू असेल तर तेही आणा.” ओसरीवर सगळ्यांच्या समक्ष सदऱ्याला साबण लावला. लाल ठिपके आले. कारभाऱ्याच्या आईने पदर तोंडाला लावला. त्या ठिपक्यांवर लिंबू पिळले, तर लाल रंग जाऊन पिवळा झाला. पुन्हा साबण लावला, पुन्हा लाल. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळा. रक्ताचा डाग लिंबाने असा पिवळा होत नाही. असा खेळ करणारी वस्तू आपल्या घरात एकच, हळद.

हळदीतला रंग आंबटात पिवळा राहतो आणि साबण, सोडा किंवा चुना यांच्यासारख्या खारट-तुरट, म्हणजे अल्कधर्मी वस्तूंत तांबडा होतो. आपल्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण कुंकू करण्याची जुनी रीत हीच : हळद आणि चुना. उन्हात हळदीचा रंग विटतो, हेही त्या जाणतात. म्हणूनच हळदीचा डाग धुऊन उन्हात घालण्याची पद्धत पडली. त्या घराच्या कपड्यांची दोरी खळ्याच्या बाजूला होती आणि पॉलिशच्या ढोलातून उडणारी पिवळी भुकटी वाऱ्याबरोबर ओलसर कपड्यांवर बसत होती. ती इतकी बारीक की, कोरड्या कपड्यावर नजरेस येऊ नये. उताऱ्यानंतरच्या चार दिवसांत डाग का आले नाहीत, हे विचारल्यावर कारभाऱ्याचा धाकटा मुलगाच बोलला, “त्या चार दिवसांत ढोल दुसऱ्या आखाड्यावर गेला होता ना.” दोरी घराच्या पलीकडच्या अंगाला बांधली, आणि प्रकार थांबला.

त्या बाईंकडे मी स्वतः जाऊन आलो. त्या एवढेच म्हणाल्या, “साहेब, तुमचं लिंबू आठ दिवस आधी आलं असतं तर बरं झालं असतं.” पंपावर त्यांना पाणी भरू दिले गेले खरे, परंतु सुनेच्या डोहाळजेवणाला त्यांना बोलावणे गेले नाही. डाग उन्हात विटला. माणसांच्या मनातला विटायला जास्त दिवस लागतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालापासून लागू आहे. त्यासाठी अनेक वर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, आणि त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असे ठरवून तिला त्रास देणे, तिचे जगणे कठीण करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. डागाचा दोष शेजारणीच्या माथी मारण्याआधी कारभारी मंडळींनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पिवळा पाऊस

‘कोणी केले’ हा प्रश्न अडाणी खेड्यातच विचारला जातो, असे मात्र कोणी समजू नये. 1981 सालच्या सप्टेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी बर्लिनमधल्या भाषणात जाहीर आरोप केला की, लाओस आणि कंबोडिया या देशांत बुरशीपासून काढलेल्या विषाचा वापर युद्धात केला जात आहे. हे विष सोव्हिएत रशियाने पुरवले, असा अमेरिकेचा दावा होता. लाओसच्या डोंगरातून पळून आलेले हमोंग लोक सांगत की, आकाशातून पिवळे थेंब पडतात आणि माणसे आजारी पडतात. पिवळे ठिपके पडलेली पाने पुरावा म्हणून गोळा करण्यात आली. या प्रकाराला ‘पिवळा पाऊस’ असे नाव पडले आणि दोन महासत्तांत मोठे वादळ उठले.

हार्वर्ड विद्यापीठातले शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत फुलांचे परागकण भरलेले होते, तेही आतला गर पचून नुसती टरफले उरलेले. असे परागकण एकाच ठिकाणी सापडतात, मधमाशीच्या विष्ठेत! पुढे 1984 साली ही मंडळी थायलंडच्या जंगलात गेली, तेव्हा त्यांच्या अंगावरच हा पिवळा पाऊस पडला. वर उंच झाडावर मोहोळे लटकत होती. मोहोळातल्या असंख्य माश्या एकदम उठतात, हवेत विष्ठा टाकतात आणि परत येऊन बसतात. हे इतक्या उंचावर चालते की खालच्या माणसाला माश्या दिसतही नाहीत. अमेरिकेच्या सरकारने आपला आरोप मागे घेतला नाही, तरी ठिपक्यांपुरते बोलायचे तर बहुतेक शास्त्रज्ञांनी मधमाशीचा उलगडा मान्य केला.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, तिथली ती माशी आपल्याकडचीच आहे. आपण जिला आग्या माशी म्हणतो, तीच. वडा-पिंपळाच्या उंच फांद्यांवर, पाण्याच्या टाकीखाली, कड्याकपारीत तिची मोहोळे बसतात. त्या काळात वाळत घातलेल्या धोतरांवर, अंथरुणाच्या चादरींवर मोहरीएवढे ते ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळे, करडे ठिपके दिसतात. ‘पिवळा पाऊस पडला’, ‘कारखान्याचे विष पडले’ अशी आवई उठते. ओळखण्याची खूण सोपी आहे. ठिपके कपड्याच्या आकाशाकडच्या अंगालाच असतात, थोडे लांबट असतात, आणि नुसते कपड्यांवर नसून अंगणातल्या पानांवर, पत्र्यावर, उभ्या मोटारसायकलीवरही असतात. भानामती मोटारसायकलीच्या टाकीवर कशाला येईल? ठिपका ओला असताना चोळू नये. वाळू द्यावा, झटकावा आणि मग थंड पाण्यात भिजवून धुवावा.

आणि एक विनंती. ठिपक्यांचा उलगडा झाला म्हणून मोहोळ जाळायला धावू नका. कांद्याचे बियाणे धरणाऱ्यांनी तर मुळीच नाही. गोंड्यात दाणा भरतो तो या माश्यांच्याच येण्याजाण्यावर, आणि सूर्यफुलाचेही तसेच. सणासुदीच्या कपड्यांची दोरी आडोशाला बांधणे एका मोहोळाच्या मोलापुढे काहीच नाही.

भोके धुण्यानंतरच का पडतात?

दुसरे एक कोडे घरोघर पडते. पँट किंवा लुंगी चांगली धडधाकट असते. धुऊन वाळवून घडी करताना पाहावे तर मांडीच्या उंचीला पाच-सात भोके! धुणाऱ्या बाईवर आळ येतो, नाही तर उंदीर आणि कसर यांच्यावर.

इथेही भोकाकडे नीट पाहावे. उंदीर कुरतडतो तेव्हा भोक मोठे असते, कडा दातऱ्या असतात आणि आसपास लेंड्या सापडतात. कसरीला खळ आवडते. ती खळीच्या कपड्याचा वरचा थर खरवडल्यासारखा खाते, आरपार भोक पडायला वेळ लागतो, आणि पेटीत ठेवलेल्या कपड्यावर कुठेही खाते. पण भोके गोल, लहान, घोळक्याने असतील, कडेचे सूत बोटाने ओढताच तुटत असेल, आणि ती मांडीला किंवा पोटालाच असतील, तर धन्याला विचारावे : ट्रॅक्टरची बॅटरी कधी उचलली होती?

बॅटरीत पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. त्याचा थेंब कपड्यावर पडला तर त्या वेळी पाण्याचा थेंब पडल्यासारखाच वाटतो. पाणी उडून जाते, आम्ल मात्र उडत नाही. ते मागे राहून घट्ट होत जाते आणि सुताला आतून कुजवते. कापड जागेवर असते, पण त्यातला जीव गेलेला असतो. धुताना आपटले की तेवढे सूत निघून जाते. धुणारी बाई निर्दोष असते! टेरिकॉटचे कापड असेल तर आणखी गंमत : त्यातले कापसाचे धागे जातात, कृत्रिम धागे तसेच राहतात, आणि भोकाऐवजी पारदर्शक जाळी दिसते. अशी जाळी दिसली की दुसरा पुरावा शोधायला नको. ठिबकच्या नळ्या आम्लाने साफ करणाऱ्यांच्या कपड्यांचाही हाच अनुभव. थेंब पडल्याचे कळताच भरपूर पाण्याने धुऊन खाण्याच्या सोड्याचे पाणी लावले तर कापड वाचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोळे वाचवावेत. कापड बाजारात मिळते.

उरलेल्या डागांविषयी थोडक्यात. केळीचा चीक अंगावर पडताना पाण्यासारखा असतो आणि नंतर काळा-तपकिरी होतो. तो जन्माचा डाग, म्हणून जळगावकडचे मजूर केळीच्या बागेचे कपडे वेगळेच ठेवतात. डाळिंबाची साल, हिरडा, बाभळीची साल यांचे पाणी आणि लोखंडाची तार किंवा बादली यांची गाठ पडली की काळसर-निळा डाग पडतो. पूर्वी शाई याच रीतीने करीत. तांबूस-पिवळा डाग गंजाचा असेल तर त्यावर ब्लीचिंग पावडर टाकू नये, डाग अधिक पक्का होतो. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवावे. पावसाळ्यात दमट कपड्यावर येणारे काळे बारीक ठिपके बुरशीचे, आणि वास घेतला की तिची ओळख पटते.

फुली कधी आपोआप उमटत नाही

बिब्ब्याचे प्रकरण मात्र वेगळे आहे. बिब्ब्याचे तेल लागलेल्या ठिकाणी काळा डाग पडतो, तो पाण्याने जात नाही, आणि कातडीला लागला तर फोड येतात. परीट पूर्वी गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खुणा करायला तेच वापरीत. भानामतीच्या घरात कपड्यांवर आणि अंगावर ज्या काळ्या फुल्या उमटल्याचे सांगतात, त्या बहुधा बिब्ब्याच्या असतात. आतापर्यंत सांगितलेले डाग शिंतोडे, ठिपके, ओघळ अशा आकाराचे आहेत. वारा, पाणी, माशी, बुरशी यांपैकी कोणालाही फुली काढता येत नाही. फुली दिसली की ती माणसाच्या हाताने काढली, हे नक्की समजावे.

मग ‘कोणी’ हा प्रश्न इथे योग्य नाही का? योग्य आहे, पण तो शेजारच्या घराकडे बोट दाखवून विचारायचा नाही. घडीतल्या कपड्यापर्यंत, झोपलेल्या माणसाच्या अंगापर्यंत बाहेरच्याचा हात सहसा पोहोचत नाही. असले प्रकार करणारे माणूस बहुधा घरातलेच निघते, आणि ते दुष्ट नसून कुठल्या तरी त्रासाने गांजलेले असते : सासुरवास सोसणारी सून, शाळा सुटलेली मुलगी, मनाविरुद्ध लग्न ठरलेली तरुणी. कधी कधी आपण काय करतो याचे भानही त्याला नसते. अशा माणसाला चारचौघांत उघडे पाडणे किंवा मारझोड करणे म्हणजे जखमेवर बिब्बा घालणेच. त्याला जवळ बसवून विचारावे, आणि जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांच्या डॉक्टरांना दाखवावे. देवऋषीला द्यायच्या पैशांत तालुक्याच्या चार खेपा होतात.

फवारणीचे कपडे काय सांगतात

शेवटचा डाग सर्वांत गंभीर, आणि नेमका त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. सोयाबीन किंवा कांद्यात तणनाशक मारून आलेल्या माणसाच्या पँटवर नारिंगी-पिवळे डाग दिसतात, ते पुष्कळदा पेंडीमिथॅलिनचे असतात. ते सहज धुऊन निघत नाहीत, म्हणून बायका कटकट करतात. मी म्हणेन, ते दिसतात हे उपकारच समजावेत. दुसरी कित्येक औषधे रंगहीन असतात, आणि ती किती अंगावर आली हे कळतच नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. यांत शेतमालकही होते आणि मजूरही.

म्हणून फवारणीचे कपडे काढल्यावर ते कोपऱ्यात फेकण्याआधी एकदा उजेडात धरावेत. पाठीवर, कमरेच्या वर ओल किंवा डाग असेल तर पंपाचे झाकण गळते आहे, वायसर खराब झाला आहे. डाग छातीवर आणि बाह्यांवर असतील तर माणूस वाऱ्याच्या तोंडाला फवारत गेला. दोन्ही मांड्यांवर आडवे पट्टे असतील तर आपणच फवारलेल्या ओल्या पिकातून तो पुढे चालला, त्याने मागे सरत फवारायला हवे होते. उजव्या हाताच्या मनगटाशी असेल तर नळीचा सांधा पाहावा. एवढी माहिती त्या पँटने फुकट दिलेली असते.

हे कपडे दुसऱ्या दिवशी तसेच घालू नयेत. ते घरच्या धुण्यात, विशेषतः तान्ह्या मुलाच्या दुपट्यांत मिसळू नयेत. धुणाऱ्या बाईने हातात रबरी मोजे घालावेत, कपडे आधी नुसत्या भरपूर पाण्यात खळबळून घ्यावेत, मग साबणाने दोनदा धुवावेत आणि वेगळ्या दोरीवर उन्हात घालावेत. ते पाणी विहिरीच्या किंवा गुरांच्या हौदाच्या बाजूला वाहू देऊ नये. आणि पाठीवरची ओल दिसली असेल, तर दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर चढवण्याआधी वायसर बदलून घ्यावा. तालुक्याच्या दुकानात तो थोडक्या पैशांत मिळतो.